कत्तलखान्यातील अनामिक ज्वर

कामामुळे कामगाराला जडणाऱ्या रोगांची एक यादी आपल्या कायद्यात आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ती होती, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती जवळपास जशीच्या तशी उचलली आहे. या यादीची सुरुवात शिशाच्या विषबाधेने होत नाही, की छातीत साठणाऱ्या दगडाच्या धुळीनेही होत नाही. पहिली नोंद आहे ती संसर्गजन्य रोगांची. आणि ज्या कामांत अशा संसर्गाचा विशेष धोका असतो असे कायदा मानतो, त्यांत जनावरे, जनावरांची कलेवरे व कलेवरांचे भाग हाताळण्याचे काम स्पष्ट शब्दांत नमूद केलेले आहे. म्हणजे कत्तलखान्यात सुरी चालवणारा, कातडे सोलणारा, आतडी धुणारा माणूस कायद्याला चांगला दिसतो. अशा कामात त्याला असा रोग जडला तर तो कामावर झालेला अपघातच समजावा, इतके स्पष्ट दिसतो.

असे असूनही ब्रुसेलोसिस या रोगाबद्दल भरपाई मागणारा कत्तलखान्यातील कामगार वाचकांपैकी कोणी पाहिला आहे काय? पाहिला नसेल, तर त्याचे कारण कायद्याच्या कंजूषपणात शोधू नये. भरपाई मागण्यापूर्वी माणसाच्या हाती रोगाचे नाव असावे लागते आणि नेमके तेच या कामगाराच्या हाती कोणी देत नाही. त्याला ताप येतो, तो घरी बसतो, उधारी वाढते, ताप उतरतो आणि तो पुन्हा कामावर जातो. औषधाच्या चिठ्ठीवर कधी टायफॉइड लिहिलेले असते, कधी संधिवात, तर कधी नुसतेच ‘व्हायरल’.

ब्रुसेलोसिस हा मूळचा जनावरांचा रोग. शेतकऱ्याला हे नाव ठाऊक नसते, पण रोग त्याच्या गोठ्यात येऊन गेलेला असतो. पाच-सहा महिने उलटून गेलेली गाभण गाय किंवा म्हैस अचानक गाभडते, वार वेळेवर पडत नाही आणि नंतर ती लवकर फळत नाही. पशुवैद्यकाच्या पुस्तकात याला सांसर्गिक गर्भपात असे नाव आहे. ब्रुसेला नावाचे सूक्ष्म जंतू गाभण जनावराच्या गर्भाशयात अमाप वाढतात. पडलेला गर्भ, वार आणि गर्भजल यांतून ते गोठ्यात पसरतात, आणि शेजारच्या गाईने तो चारा हुंगला, चाटला, की तिच्या पोटात जातात. रोगाची खरी लबाडी पुढेच आहे. एकदा गाभडलेले जनावर पुढच्या वेतांत बहुधा नीट विते. ते धडधाकट दिसते, दूध देते, आणि कासेतून व विण्याच्या वेळी जंतू मात्र टाकीत राहते. बाहेरून पाहून हे जनावर ओळखण्याची सोय नाही.

भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे १९ कोटी ३५ लाख गाई-बैल व सुमारे ११ कोटी म्हशी होत्या. त्यांत हा रोग कोठे किती आहे यावर अभ्यासकांत मतभेद होऊ शकतील. तो मुरलेला आहे यावर मतभेद नाही. एक बारकावा मात्र लक्षात घेतला पाहिजे. म्हैस गाभडली, पुढे दोनदा उलटली, की शेतकरी तिला ठेवत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वैरणीचा भाव पाहता भाकड जनावर पोसणे त्याला परवडत नाही. तो तिला बाजारात नेतो आणि ती का विकली हे सांगण्याचे कारण त्याला नसते. बाजारातून तिला दोनच वाटा असतात : दुसऱ्या कोणाचा तरी गोठा, नाही तर कत्तलखाना. तेव्हा कत्तलखान्यात येणारे जनावर हा गावोगावच्या जनावरांचा सरासरी नमुना नव्हे. गोठ्यांनी नको म्हणून बाहेर काढलेल्या जनावरांची तेथे गर्दी असते आणि त्या नकोशेपणाच्या कारणांत हा रोगही असतो.

त्या गर्दीसमोर उभा राहतो तो एक माणूस आणि त्याची सुरी. ब्रुसेलाला माणसाच्या शरीरात शिरण्यासाठी मोठी जखम लागत नाही. बोटावरची चीर, नखाजवळचा सोललेला भाग एवढे त्याला पुरते. डोळ्यांत उडालेला थेंब पुरतो. सोलणी करताना, गर्भाशय किंवा कास कापताना, पाण्याचा फवारा मारताना हवेत जे बारीक तुषार उडतात ते श्वासावाटे गेले तरी पुरते. कत्तलखान्यातून पसरलेल्या साथींचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले आहे की ज्यांनी जनावराला हातसुद्धा लावला नव्हता, पण ज्यांच्या बाजूला कापणीच्या दालनातील हवा येत होती, अशांनाही हा रोग झाला. २०१९ साली चीनमधील लान्झाऊ शहरात जनावरांसाठी हीच लस बनविणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेले जंतुनाशक वापरले गेले. जंतू कारखान्याच्या धुरांड्यातून वाऱ्यावर गेले आणि पुढील तपासण्यांत दहा हजारांहून अधिक नागरिकांच्या रक्तात संसर्गाच्या खुणा मिळाल्या. हवेतून हा जंतू काय करू शकतो याचा एवढा एक दाखला पुरे.

संसर्गानंतर दोन-चार आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी, ताप सुरू होतो. तो संध्याकाळी चढतो, रात्री घामाने अंथरूण भिजवतो आणि सकाळी उतरतो. काही दिवस नाहीसा होतो, पुन्हा येतो. पाठ आणि कंबर धरते. गुडघे, खुबे सुजतात. पुरुषाच्या अंडकोषाला सूज येते आणि ती गोष्ट तो डॉक्टरलाही सांगत नाही. थकवा तर असा की सकाळी उठून पाणी घ्यावे एवढेही बळ राहत नाही. हे दुखणे माणसाला सहसा मारीत नाही. म्हणूनच मृत्यूच्या नोंदवहीत ते येत नाही. ते माणसाला फक्त कामातून उठवते.

आता हा कामगार वस्तीतल्या दवाखान्यात जातो तेव्हा काय घडते ते पाहावे. पावसाळा असेल तर मलेरिया, नसेल तर टायफॉइड. पाच-सात दिवसांच्या गोळ्या मिळतात, ताप थोडा हटतो, कारण तो तसाही हटणारच असतो. महिन्याने तो परत येतो तेव्हा डॉक्टर बदललेला असतो. मणक्यात दुखणे राहिले तर क्षयाचा संशय येतो, आणि तो संशय आपल्या देशात गैरही नव्हे. पण येथे एक विलक्षण घोटाळा होतो. क्षयावरील औषधांपैकी रिफाम्पिसिन हे ब्रुसेलावरही चालणारे औषध आहे. त्यामुळे क्षयाचे उपचार सुरू होताच रोग्याला बरे वाटते आणि निदान बरोबर होते असे सर्वांनाच वाटू लागते. खऱ्या रोगाला लागणारी दोन औषधांची जोडी मात्र त्याला मिळालेली नसते. उपचार थांबतात आणि काही काळाने कंबर पुन्हा धरते.

या सगळ्यात डॉक्टरने एक प्रश्न विचारला असता तर पुढचे बरेच टळले असते. ‘तुम्ही काम काय करता?’ तीनशे वर्षांपूर्वी इटलीत रामाझिनी नावाच्या वैद्याने रोग्याला विचारायच्या प्रश्नांत या प्रश्नाची भर घालावी असे आपल्या व्यवसायबंधूंना सुचविले होते. तो प्रश्न आजही आपल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात क्वचितच विचारला जातो. आणि विचारला तरी ‘मजुरी’ एवढेच उत्तर मिळते, कारण कत्तलखान्यातील कामाचे नाव चारचौघांत घेण्यासारखी वागणूक आपण त्या कामाला दिलेली नाही.

या रोगाचा इतिहास पाहिला तर कोणाच्या तापाकडे लक्ष जाते आणि कोणाच्या नाही, याचा तो एक धडाच आहे. माल्टा बेटावर ब्रिटिश सैन्याचा तळ होता आणि तेथील शिपाई एका चिवट तापाने अंथरुणाला खिळत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ साली मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून जंतू वेगळा काढला. पण तो येतो कोठून, हे कळायला आणखी अठरा वर्षे गेली. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने दाखवून दिले, की वरवर निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात व दुधात हा जंतू आहे. १९०६ मध्ये शिपायांच्या शिध्यातून शेळीचे दूध बंद झाले आणि छावणीतील ताप पाहता पाहता ओसरला. विज्ञानाच्या पुस्तकांत ही कथा येथे विजयाने संपते. बेटावर मात्र ती संपली नाही. माल्टाचे सामान्य रहिवासी तेच दूध पीत राहिले आणि त्यांच्यातील ताप पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. साम्राज्याला शिपाई उभा हवा होता. गवळ्याचे आणि त्याच्या गिऱ्हाइकाचे काय होते याची निकड तितकी नव्हती.

गाईच्या गर्भपाताचा जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांग याने १८९७ सालीच शोधला होता. परंतु माल्टाच्या शेळीचा जंतू आणि डेन्मार्कच्या गाईचा जंतू हे एकाच कुळातले आहेत, हे वीस वर्षे कोणाच्या ध्यानी आले नाही. ते ध्यानी आणून दिले अॅलिस इव्हान्स या अमेरिकन बाईंनी. गाईचे कच्चे दूध माणसाला आजारी पाडू शकेल, ते तापवूनच विकले पाहिजे, असे त्यांनी १९१८ साली मांडले. त्या बाई होत्या, डॉक्टरेट त्यांच्यापाशी नव्हती आणि दुधाचा धंदा मोठा होता. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्यांचे म्हणणे उडवून लावले. पुढे १९२२ साली प्रयोगशाळेत काम करताना हाच जंतू त्यांच्या शरीरात शिरला. ताप, थकवा आणि वेदना वर्षानुवर्षे येत-जात राहिल्या. डॉक्टरांनी काय निदान करावे? मज्जातंतूंचा दुबळेपणा, म्हणजे, सरळ बोलायचे तर, बाईच्या मनाचे खेळ. ज्या बाईंनी स्वतः हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, ज्यांना आपल्याला काय झाले आहे हे डॉक्टरपेक्षा अधिक कळत होते, त्यांच्यावरही विश्वास ठेवायला लोक तयार नव्हते. मग जनावरामागे मिळणाऱ्या मजुरीवर जगणारा, अक्षरशत्रू म्हणून हिणवला जाणारा आमचा कामगार ‘अंगात काही तरी आहे’ म्हणतो तेव्हा त्याला आळशी ठरविले जाते यात नवल ते काय!

दुधाचे निर्जंतुकीकरण रूढ झाल्यावर पाश्चात्त्य देशांत शहरी ग्राहकाचा धोका संपला. उरला तो कामगाराचा. अमेरिकेतील १९६० ते १९७२ या काळातील रोग्यांचा एक विस्तृत अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच ब्रुसेलोसिसला कत्तलखान्याशी निगडित रोग असे म्हटले होते. तिकडचा हा कामगार सुटला तो हातमोज्यांमुळे कमी आणि कळप शुद्ध झाले म्हणून जास्त. अमेरिकेने १९३४ पासून जनावरांचे रक्त तपासून रोगी जनावरे मारण्याचा आणि मालकाला भरपाई देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. लस, तपासणी आणि कत्तल या तिहेरी उपायाने ब्रिटनने १९८५ साली व ऑस्ट्रेलियाने १९८९ साली आपली गुरे या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. यास कित्येक वर्षे लागली, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे हा मार्ग बंद आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद झाली आणि २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्तीने बैल व वळू यांचीही. या कायद्याच्या योग्यायोग्यतेची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्याचा एक परिणाम रोगाच्या बाजूने आहे, तो सांगितलाच पाहिजे. रोगी ठरलेल्या गाईला संपवणे धोरण म्हणून येथे कोणी बोलूनही दाखवणार नाही. ती गोठ्यात राहील, गोशाळेत जाईल किंवा रात्रीच्या ट्रकमधून कोठे तरी जाईल. म्हशीच्या बाबतीत कत्तलीला मज्जाव नाही, पण रक्त तपासून तिची किंमत शेतकऱ्याच्या हातावर ठेवील एवढी तरतूदही नाही. तेव्हा उरते ती लस.

ती द्यायचे सरकारने ठरविले ही स्वागतार्ह गोष्ट आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेस पंतप्रधानांनी लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांविरुद्धच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे उद्‌घाटन केले. त्यासाठी पाच वर्षांकरिता १३,३४३ कोटी रुपये मंजूर झाले होते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व म्हशींच्या पारड्यांना आयुष्यात एकदा लस टोचायची, अशी ही योजना आहे. दरवर्षी सुमारे ३ कोटी ६० लाख माद्या टोचायच्या, असे तिचे उद्दिष्ट सांगितले गेले. योजना शास्त्रशुद्ध आहे. पण तिचे स्वरूप नीट समजून घेतले, तर कत्तलखान्यातील कामगाराला तिच्यातून लवकर काही मिळणार नाही हे उघड होते. आज टोचलेली पारडी कत्तलखान्याच्या दारात पोचायला दहा-बारा वर्षे लागतील. आज जी म्हैस तेथे उभी आहे तिला कोणी टोचलेले नव्हते. शिवाय ही लस गाई-म्हशींपुरती आहे. आपल्या शहरांत रोज कापल्या जाणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांना ब्रुसेलोसिसच्या या मोहिमेत जागा नाही आणि माणसाला सर्वांत जास्त छळणारा ब्रुसेला तर शेळ्या-मेंढ्यांचाच. माल्टाचा तो हाच. देवनारला १९७१ पासून मुंबईचा जो कत्तलखाना आहे, तेथे दूरदूरच्या प्रांतांतून बकऱ्यांचे ट्रक येतात. त्या बकऱ्या कोणत्या कळपातून आल्या, त्या कळपात कोणाचा गाभ पडला, हे ट्रकबरोबर येत नाही.

जाता जाता आणखी एका माणसाची आठवण ठेवली पाहिजे. ही लस जिवंत जंतूची आहे. वासरू उसळले आणि सुई टोचणाऱ्याच्याच हातात घुसली, तर लस हाच रोग होतो. गावोगाव फिरणाऱ्या लसटोचकाला हे सांगितलेले असते, अशी आशा करू या.

आपल्या सुशिक्षित वर्गात या रोगाची चर्चा का नाही, याचे कारण फार साधे आहे. आपण दूध उकळतो. आईने-आजीने लावलेली ती सवय आहे. पिशवीतले दूध निर्जंतुक असले तरी ते उतू जाईपर्यंत तापवल्याशिवाय आपल्या स्वयंपाकघराला चैन पडत नाही. मटणही आपण शिट्ट्या देऊन शिजवतो. या दोन सवयींनी ग्राहकाभोवती अशी भक्कम तटबंदी उभारली आहे की ब्रुसेलोसिस आपल्या घरात क्वचितच शिरतो. जो रोग शिक्षकाच्या, कारकुनाच्या, वार्ताहराच्या घरात शिरत नाही त्याची बातमी होत नाही. माल्टातील छावणीचा तट आणि आपल्या दुधाच्या पातेल्याचा काठ यांनी अजाणता सारखेच काम केले आहे.

शासनाचे नियमही याच तटाच्या आतून लिहिलेले दिसतात. प्राण्यांवरील क्रूरतेच्या प्रतिबंधासाठी २००१ साली कत्तलखान्यांचे जे नियम झाले त्यांत म्हटले आहे, की पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा अधिक जनावरे तपासू नयेत, म्हणजे तपासणी नीट होईल. गाभण जनावर कापू नये. कोणत्याही संसर्गजन्य रोगाने आजारी असलेल्या माणसाला जनावर कापू देऊ नये. सारेच योग्य. खाद्यसुरक्षेच्या नियमांनुसार मांस हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते आणि त्याला आतड्यांच्या रोगांची लस टोचलेली असावी लागते. तेही योग्य. पण ही तपासणी कोणासाठी आहे? ती खाणाऱ्यासाठी आहे. माणसाकडून मांसाला काय जाईल याची काळजी नियमांनी घेतली आहे. मांसाकडून, किंबहुना जनावराच्या पोटातल्या गर्भाशयाकडून, माणसाला काय येईल हा प्रश्न त्या तपासणीच्या कागदावर नाही.

याहून मोठी विसंगती पुढे आहे. जनावरांच्या सांसर्गिक रोगांचा जो कायदा २००९ साली झाला, त्याच्या परिशिष्टात ब्रुसेलोसिस आहे. आपल्या जनावराला हा रोग झाल्याचा संशय आला तर मालकाने तो कळविला पाहिजे, अशी त्यात सक्ती आहे. उलट १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराला झाले असता डॉक्टरने सरकारला कळवावेत अशा २९ रोगांची जी यादी केली, तीत जनावरांकडून येणारी काळपुळी होती, ब्रुसेलोसिस नव्हता. म्हशीचा रोग कळवायचा आणि ती कापताना तो ज्याला झाला त्याचा कळवायचा नाही, असा हा न्याय आहे. आणि गावोगावचे बहुतेक कत्तलखाने कारखाना या व्याख्येत बसतात कोठे? आडोशाला एक ओटा, एक नळ, एक उघडे गटार. कंत्राटदार एक, कामगार दहा आणि हजेरीपट कोठेही नाही.

यावर नेहमीचे उत्तर येते : कामगारांना हातमोजे दिले, तर ते घालत नाहीत. हे खरे आहे आणि त्याचे कारणही खरे आहे. रक्ताने आणि चरबीने ओल्या झालेल्या साध्या रबरी मोज्यात सुरीची मूठ निसटते. निसटलेली सुरी मोज्यासकट हात कापते. मग तो मोजा रक्षण करणारा न राहता जखम देणारा होतो. कामगाराने तो फेकून दिला तर त्याने अडाणीपणा केला असे म्हणता येणार नाही. पकड राहील आणि पाते आत जाणार नाही असे मोजे मिळतात. त्यांना पैसे पडतात, आणि कंत्राटाची निविदा काढताना ते पैसे कोणी धरत नाही. जनावरामागे मजुरी असेल तर प्रत्येक वेळी हात धुण्याला लागणारे दोन मिनिटेही कामगाराच्याच खिशातून जातात. स्वच्छता हवी असेल तर त्या मिनिटांची मजुरी द्यावी लागेल, हे व्यवस्थापनाला समजावून सांगण्याची वेळ यावी हीच खरी तर शरमेची गोष्ट आहे.

काही गोष्टी फार थोड्या खर्चात होण्याजोग्या आहेत. मादी जनावराचे गर्भाशय आणि कास हे भाग न चिरता वेगळे काढून वेगळ्या डब्यात जावेत. ते उघड्यावर कापण्याची पद्धत थांबावी. तोंडावर, डोळ्यांवर आड असावी. हाताला चीर पडलेल्या माणसाला त्या दिवशी सोलणीवर न ठेवता दुसरे काम मिळावे, आणि त्याची मजुरी कापू नये. ही अट नसली तर जखम लपवली जाईल. नगरपालिका आणि महापालिका यांच्या दवाखान्यांत कत्तलखान्यातील, कातडी कमावणाऱ्या धंद्यातील व गोठ्यातील माणसाचा ताप दोन आठवड्यांहून लांबला तर ब्रुसेलाची चाचणी करावी, एवढी एक ओळ लिहून लावावी. आणि निदान झाले तर सहा आठवड्यांचे डॉक्सिसायक्लिन व जोडीला रिफाम्पिसिन, किंवा पहिले दोन-तीन आठवडे सुईने दिलेले दुसरे प्रतिजैविक, हा सर्वमान्य उपचार पूर्ण होईपर्यंत त्याच्या घरची चूल पेटती राहावी. औषधे महाग नाहीत. महाग आहेत ते सहा आठवडे. ताप उतरल्यावर तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडून तो कामावर जातो आणि रोग उलटतो, तो याचमुळे. त्या सहा आठवड्यांसाठीच तर भरपाईचा कायदा आहे. आणि त्या कायद्याचे दार उघडायला रक्ताचा अहवाल लागतो.

तो अहवाल मिळवणे अवघड नाही. रोझ बेंगाल नावाची चाचणी आहे. रक्तातील निवळीचा एक थेंब, गुलाबी रंग दिलेल्या मृत जंतूंच्या द्रावणाचा एक थेंब. काचेवर दोन्ही मिसळून चार मिनिटे हलवायचे. गुठळ्या दिसल्या तर पुढची पक्की तपासणी करायची. तिला ना मोठे यंत्र लागते ना मोठी इमारत. पशुसंवर्धन खात्याच्या प्रयोगशाळांत हीच चाचणी जनावरांसाठी नित्य होते आणि तिच्यासाठी म्हशींचे रक्त गोळा करणारा कर्मचारी अधूनमधून कत्तलखान्यात येतही असतो. तो म्हशीच्या मानेतून रक्त काढतो तेव्हा दावे धरून जो उभा असतो, त्याचे रक्त घेण्याचा अधिकार त्याला नाही. तेव्हा पुढच्या खेपेस त्याच्याबरोबर आरोग्य खात्याचाही एक माणूस नळ्यांची पेटी घेऊन यावा, एवढी व्यवस्था दोन खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एका बैठकीत करता येण्यासारखी आहे.